पाऊस हाक मारतो, कंपायलरला ऐकू येत नाही

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत असलेल्या जतला तो पाचशेच्या आसपास असतो. एक सातारा जिल्ह्याचं पश्चिमेकडचं टोक, दुसरं सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं. या दोन्ही पावसांची मोजदाद एकाच साध्या यंत्राने होऊ शकते. वर नरसाळं, त्याखाली मधोमध टेकू दिलेलं दोन खणांचं छोटं पात्र. एक खण भरला की पात्र त्या बाजूला कलंडतं, पाणी सांडतं आणि रिकामा खण नरसाळ्याखाली येतो. ही कल्पना सतराव्या शतकातली, लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारणाऱ्या क्रिस्टोफर रेनची. आजच्या बऱ्याच यंत्रांत एकदा कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस. पात्राला चुंबक लावलेलं असतं आणि शेजारी काचेच्या नळीतला रीड स्विच. चुंबक समोरून गेलं की स्विच क्षणभर मिटतो आणि तारेतून विजेचा एक ठोका जातो.

सातारा-सांगलीच्या माणसाला या ठोक्याचं मोल वेगळं सांगायला नको. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगरला काल किती पडला, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं आणि आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं, हे तीन आकडे सांगलीत पावसाळाभर एकत्रच बोलले जातात. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आता राज्यात 'महावेध' प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत आणि कृष्णा-भीमा खोऱ्यात जलसंपदा विभागाची वेगळी यंत्रणा आहे. मला मात्र इथे त्याहून लहान गोष्टीबद्दल लिहायचं आहे. एक तळहाताएवढा बोर्ड, वर सांगितलेलं एक पात्र, आणि दोघांमधला पंधरा-वीस ओळींचा प्रोग्रॅम. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (१९४७) किंवा कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) अशा ठिकाणी शिकणारा कुणीही मुलगा किंवा मुलगी असा प्रोग्रॅम एका दुपारी लिहू शकेल. तो बरोबर का चालत नाही हे समजायला मात्र आपला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलर नावाच्या अद्भुत वस्तूच्या डोक्यात शिरावं लागतं.

बोर्ड समजा आर्डुइनो उनो आहे. इटलीतल्या इव्रिया गावात २००५ साली विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या घराण्यातला. त्यावरची एटीमेगा३२८पी ही चिप ८ बिटांची, सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके घेणारी, आणि तिची रॅम अवघी २ किलोबाइट. पाऊस ताशी १०० मिलिमीटर या झोडपणाऱ्या वेगाने पडत असला तरी पात्र ७.२ सेकंदांनी एकदा कलंडतं. तेवढ्या वेळात या चिपचे साडेअकरा कोटी ठोके होऊन जातात. एवढा वेळ तारेकडे टक लावून बसणं परवडत नाही, म्हणून कॉलबॅक. दुकानदाराकडे आपण फोन नंबर ठेवून येतो आणि 'माल आला की कळवा' म्हणतो, तसं इथे एका फंक्शनचा पत्ता चिपच्या इंटरप्टकडे ठेवायचा. तारेवर ठोका आला की हातातलं काम थांबतं, आपलं फंक्शन चालतं, आणि थांबलेलं काम जिथल्या तिथून पुढे सुरू होतं. ते फंक्शन आपण लिहिलेलं असतं, पण आपण ते कधीच बोलावत नाही. साऱ्या प्रोग्रॅममध्ये त्याला बोलावणारी एकही ओळ नसते.

आणि कंपायलरला ओळींपलीकडचं काही दिसत नाही.

पहिली चकवणारी गोष्ट बघा. एक खूण ठेवायची, नाव 'कलंडली', सुरुवातीची किंमत 'नाही'. कॉलबॅक तिला 'हो' करणार. मुख्य प्रोग्रॅम एका रिकाम्या लूपमध्ये थांबलेला: 'कलंडली' जोवर 'नाही' आहे तोवर फिरत राहा. माणूस वाचेल तर म्हणेल, ठीक आहे, पाऊस पडला की पुढे जाईल. कंपायलर वाचतो तेव्हा त्याचा युक्तिवाद असा चालतो: या लूपच्या आत 'कलंडली' बदलणारी एकही ओळ नाही. लूप रिकामा असल्याने दुसरं कुठलं फंक्शनही बोलावलेलं नाही, म्हणजे आडमार्गाने ती बदलायची शक्यताही नाही. तर मग तिची किंमत फेरी-फेरीला मेमरीतून आणायची कशाला? एकदा आणू, रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या हाताशी असलेल्या कप्प्यात ठेवू. ती 'नाही' निघाली तर ती कायमचीच 'नाही'. एवढं सिद्ध झालं की लूपमधली तपासणीच निरर्थक ठरते आणि तिच्या जागी उरते एकच सूचना: याच जागी पुन्हा ये. बाहेर पात्र कलंडत राहतं, कॉलबॅक इमानाने मेमरीत 'हो' लिहितो, आणि मुख्य प्रोग्रॅम त्या मेमरीकडे परत कधीही बघत नाही.

हा युक्तिवाद पुन्हा वाचा. त्यात कुठेही चूक नाही. समोरच्या कागदावर जेवढं लिहिलंय तेवढंच जग असेल, तर हा निष्कर्ष गणिती अर्थाने बिनतोड आहे. लोक याला कंपायलरचा विक्षिप्तपणा म्हणतात. मला त्यात एक विलक्षण शिस्त दिसते.

ही शिस्त आली कुठून? गॅरी किल्डल या अमेरिकन संशोधकाने १९७३ साली एक शोधनिबंध मांडला. प्रोग्रॅम न चालवताच त्याच्या प्रत्येक बिंदूवर 'इथे काय काय नक्की खरं असतं' हे कसं काढायचं, याची त्याने एकसंध रीत दिली. (याच किल्डलने पुढे सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली.) या रीतीला डेटा फ्लो अॅनालिसिस म्हणतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयाला वर्षानुवर्षं वाहून घेतलं. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं या विषयावरचं पुस्तक २००९ साली आलं. त्यातलाच एक अवघड प्रश्न फंक्शनच्या पत्त्यांचा आहे: एखाद्या ठिकाणी फंक्शन नावाने न बोलावता पत्त्यावरून बोलावलं असेल, तर तिथे नेमकं कोण धावून येणार? कॉलबॅक लिहिणारा प्रत्येकजण नकळत कंपायलरपुढे हा प्रश्न टाकत असतो.

आता सगळ्यात चमत्कारिक भाग. लूप अडकला की नवखा माणूस काय करतो? लूपमध्ये एक प्रिंटची ओळ टाकतो, आत काय चाललंय ते बघायला. आणि बहुतेक वेळा प्रोग्रॅम लगेच नीट चालू लागतो! ओळ काढली की पुन्हा अडकतो. रात्रभर डोकं धरून बसावं असा हा अनुभव, पण वरचा युक्तिवाद हाताशी असेल तर उलगडा दोन वाक्यांचा आहे. प्रिंट हे बाहेरचं फंक्शन आहे. ते आत काय करतं हे कंपायलरला पुरतं दिसत नाही, आणि आपल्या कॉलबॅकचा पत्ता आपण बाहेर दिलेला आहे हे त्याला माहीत आहे. तेव्हा न जाणो, प्रिंटमधून फिरून कुणी तो कॉलबॅक बोलावला तर? मग 'कलंडली' बदललेली असेल. म्हणून सावधपणे तो तिची किंमत मेमरीतून नव्याने आणतो. बघायला टाकलेल्या ओळीनेच दुखणं झाकलं जातं.

यावरचा उपाय सी भाषेच्या १९८९च्या अमेरिकन प्रमाणकापासून तयार आहे. त्या व्हेरिएबलच्या घोषणेत व्होलाटाइल हा एक शब्द घालायचा. मग कंपायलर त्या व्हेरिएबलबद्दल कुठलाही अंदाज बांधत नाही. जिथे वाचायला सांगितलं तिथे मेमरीतून वाचतो, जिथे लिहायला सांगितलं तिथे मेमरीत लिहितो.

अनेकजण इथे थांबतात आणि पुढे फसतात. 'हो-नाही'ची खूण सोडून आता मोजणी घेऊ. पात्र किती वेळा कलंडलं, त्याचा आकडा. आर्डुइनो उनोवर इंट, म्हणजे साधा पूर्णांक, १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइटचा असतो. चिप मात्र ८ बिटांची, एका वेळी एकच बाइट उचलणारी. म्हणजे मोजणी वाचायला दोन सूचना लागतात. या चिपसाठी असलेला जीसीसी कंपायलर साधारणपणे खालचा बाइट आधी उचलतो, वरचा मागून. समजा मोजणी २५५ आहे: वरचा बाइट ०, खालचा २५५. मुख्य प्रोग्रॅमने खालचा बाइट उचलला, हातात २५५. नेमक्या त्या क्षणी पात्र कलंडलं. कॉलबॅक आला, मोजणी २५६ करून गेला: आता वरचा बाइट १, खालचा ०. मुख्य प्रोग्रॅम पुढची सूचना चालवतो आणि वरचा बाइट उचलतो, तो १. दोन्ही जोडले की २५६ अधिक २५५, म्हणजे ५११.

मोजणी कधीही ५११ नव्हती. आधी २५५ होती, नंतर २५६ झाली. ५१ मिलिमीटर पावसाची नोंद एका क्षणात १०२ मिलिमीटर होते. हवामान खात्याच्या प्रतवारीत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरला जोरदार पाऊस सुरू होतो. म्हणजे पावसाची आख्खी पायरीच बदलली. व्होलाटाइल लिहूनही हे घडतं, कारण त्या शब्दाने 'दर वेळी वाच' एवढंच सांगितलं जातं, 'एका दमात वाच' असं नाही. शिवाय ही चूक घडायला कलंडणं त्या दोन सूचनांच्या मधल्या अतिसूक्ष्म फटीत यावं लागतं, आणि मोजणीही २५५, ५११, ७६७ अशा उंबरठ्यावर असावी लागते. टेबलावर बाटलीने पाणी ओतून चाचणी घेतली तर ती दिसण्याची शक्यता जवळपास शून्य. चार महिने डोंगरावर ठेवलेल्या यंत्रात कधीतरी एकदा ती येणार आणि कुणाला पुन्हा घडवून दाखवता येणार नाही. उपाय असा की वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करायचे, आकड्याची नक्कल वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घ्यायची, आणि इंटरप्ट चालू करायचे. त्या अवधीत आलेला ठोका वाया जात नाही. चिप तो नोंदवून ठेवते आणि दार उघडताच कॉलबॅक चालवते.

आता महाबळेश्वर आणि जत यांच्यातला फरक थेट कंपायलरपर्यंत कसा पोचतो ते पाहू. १६ बिटांच्या चिन्हासहित इंटमध्ये सर्वांत मोठा आकडा ३२,७६७. त्याला ०.२ने गुणा: ६,५५३ मिलिमीटर. जतला हंगामामागून हंगाम बेरीज करत गेलं तरी तिथे पोचायला दहा-बारा वर्षं सहज लागतील. महाबळेश्वरला एक दणदणीत पावसाळा पुरतो. तोच प्रोग्रॅम, तेच यंत्र, आणि एका ठिकाणी ते बिनघोर चालतं, दुसऱ्या ठिकाणी सप्टेंबरात कोसळतं. हुशार विद्यार्थी म्हणेल, मी तपासणी ठेवतो: एकने वाढवल्यावर आकडा आधीपेक्षा लहान झाला तर समजायचं की भांडं ओसंडलं. पण सी भाषेच्या नियमानुसार चिन्हासहित आकडा मर्यादेबाहेर जाणं हे अव्याख्यायित आहे, म्हणजे चांगला प्रोग्रॅम तसं कधी करणार नाही असं कंपायलरने धरून चालायला परवानगी आहे. मग आकडा 'न' धरला तर 'न अधिक एक' हे 'न'पेक्षा लहान असणं अशक्य. अशक्य गोष्टीची तपासणी कशाला ठेवायची? जीसीसी ती ओळ बिनदिक्कत काढून टाकतो. ओसंडणं पकडायला ठेवलेला पहारेकरी ओसंडणं अशक्य मानून घरी पाठवला जातो!

म्हणून मोजणी चिन्हविरहित ३२ बिटांत ठेवायची. चार अब्ज २९ कोटींपर्यंत निश्चिंती. पण मग वाचायला चार बाइट लागतात, आणि मघाच्या फटी एकाच्या तीन होतात. एक दुखणं बरं करताना दुसरं वाढतं. ३२ बिटांची मोजणी आणि वाचताना इंटरप्ट बंद, हे दोन्ही उपाय जोडीनेच करावे लागतात.

कॉलबॅक चालतो तेव्हा आत काय घडतं तेही थोडं जवळून पाहण्यासारखं आहे. साधं फंक्शन बोलावताना बोलावणारा आणि येणारा यांच्यात करार असतो: अमुक रजिस्टरं तू खुशाल वापर, मी माझं सामान आधीच आवरून ठेवलंय, तमुक वापरलीस तर जाताना होती तशी कर. इंटरप्टला बोलावणारा कुणी नसतोच, त्यामुळे सामान आवरून ठेवलेलं नसतं. मुख्य प्रोग्रॅम अर्ध्या बेरजेत थांबलेला असू शकतो. म्हणून कंपायलरला वेगळं सांगावं लागतं की हे फंक्शन इंटरप्टचं आहे. मग तो वापरात येणारं प्रत्येक रजिस्टर आणि चिपचं स्थिती-रजिस्टरसुद्धा आधी जपून ठेवतो. आर्डुइनोचं तयार फंक्शन वापरून कॉलबॅक जोडला तर ही काळजी ते आपल्यासाठी घेतं. पण येणारं फंक्शन नेमकं कुठली रजिस्टरं वापरणार हे त्याला दिसत नसल्यामुळे, करारात मोकळी असलेली सगळीच रजिस्टरं ते जपून ठेवतं. अनोळखी पाहुण्यासाठी मोजलेली ही किंमत असते, आणि आपला कॉलबॅक एका ओळीचा असला तरी ती पुरी मोजावी लागते.

आर्डुइनोची स्वतःची एक खोड आहे, ती नवख्यांना हमखास छळते. सी++मध्ये फंक्शन वापरण्याआधी त्याची घोषणा लागते. विद्यार्थ्यांना हा जाच नको म्हणून आर्डुइनो आपल्या फाइलमधली फंक्शनं शोधून त्यांच्या घोषणा स्वतःच लिहितो आणि पहिल्या फंक्शनच्या आधी चिकटवतो. छान सोय. पण समजा आपण 'पाऊसनोंद' नावाचं स्ट्रक्चर पहिल्या फंक्शनच्या खाली लिहिलं आणि ते घेणारा कॉलबॅक त्याखाली. आर्डुइनोने चिकटवलेली घोषणा आता स्ट्रक्चरच्या वर गेली. कंपायलर म्हणतो, 'पाऊसनोंद' म्हणजे काय मला माहीत नाही. आणि आपण डोळे चोळत बघतो, तर ते फाइलमध्ये ढळढळीत लिहिलेलं असतं. स्ट्रक्चर वेगळ्या हेडर फाइलमध्ये टाकून वरच जोडलं की काम होतं. किंवा घोषणा योग्य जागी आपणच लिहायची. ती दिसली की आर्डुइनो आपली घालत नाही.

क्लासमधलं फंक्शन कॉलबॅक म्हणून देता येत नाही, हेही अनेकांना अन्यायाचं वाटतं. कारण सरळ आहे. त्या फंक्शनला एक न दिसणारा पहिला पॅरामीटर असतो: कुठल्या वस्तूवर काम करायचं तिचा पत्ता. महाबळेश्वरचं यंत्र की जतचं? इंटरप्टला ते ठाऊक नसतं. म्हणून स्टॅटिक फंक्शन द्यायचं आणि वस्तूचा पत्ता वेगळा जपून ठेवायचा. ईएसपी३२सारख्या नव्या बोर्डांवर कॉलबॅकसोबत असा एक जादा पत्ता देण्याची सोयच केलेली आहे, आणि कॉलबॅक घेणारी लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ती पहिल्या दिवसापासून ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

शेवटी बॅटरी. डोंगरावरच्या यंत्राला दोन कलंडण्यांच्या मध्ये झोपवावंच लागतं. प्रोग्रॅम असा: खूण तपास, काही नसेल तर झोप, ठोका आला की चिप जागी होईल. इथे फट आहे ती 'काही नाही' ठरवणं आणि प्रत्यक्ष झोपणं यांच्या मधली. नेमका तिथेच ठोका आला तर कॉलबॅक मोजणी वाढवून जातो, खूणही लावतो, पण प्रोग्रॅमचा निर्णय आधीच झालेला असतो आणि चिप झोपी जाते. महाबळेश्वरला याने काही बिघडत नाही, कारण झोडपणाऱ्या पावसात सात-आठ सेकंदांनी पुढचा ठोका तिला उठवतोच. जतला पुढचा ठोका आठवड्याने येऊ शकतो, आणि तोवर झालेल्या पावसाची बातमी त्या २ किलोबाइटमध्ये अडकून राहते. या वेळी महाबळेश्वर बिनघोर आणि जत अडचणीत.

इंटरप्ट बंद करून खूण तपासली, तर झोपण्याआधी ते उघडावे लागतात, नाहीतर चिप कधीच उठायची नाही. आणि उघडल्या क्षणी पुन्हा तीच फट. यातून वाट काढलीय ती चिप घडवणाऱ्यांनी. उनोवरची चिप ज्या एव्हीआर घराण्यातली आहे त्या चिपांचा नियम असा आहे की इंटरप्ट उघडणाऱ्या सूचनेच्या लगेच पुढची एक सूचना, कितीही ठोके दाराशी थांबलेले असले तरी, आधी पुरी होते. ती पुढची सूचना 'झोप' अशी ठेवायची. मग मधल्या काळात ठोका आलेला असेल तर चिप झोपते आणि त्याच ठोक्याने तत्काळ उठते. फक्त त्या दोन सूचनांच्या मध्ये कंपायलरने स्वतःचं काहीही घुसवता कामा नये. म्हणून एव्हीआरच्या लायब्ररीत त्या दोन्ही थेट असेंब्लीत लिहून ठेवल्या आहेत, आणि लायब्ररीच्या माहितीपुस्तकात त्या एकापाठोपाठ एक, याच क्रमाने वापरायला सांगितलं आहे.